गर्डरवर सालाची फळी बसवायची आहे, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू नेमका कोणता घ्यावा?

माळ्यावरचा_पसारा

नमस्कार मंडळी. दुकानाच्या गाळ्यात माळा करायचा आहे. आयएसएमबी १५० चे (आय आकाराचे, १५० मि.मी. उंचीचे) चार गर्डर, प्रत्येकी ४.२ मीटर, १.२ मीटर अंतराने बसवून झाले. कडेचे दोन भिंतीला जवळजवळ चिकटून आहेत. रेड ऑक्साइडचा एक हात झालाय. आता प्रत्येक गर्डरवर ७५ × ५० ची सालाची फळी आडवी झोपवायची (५० ही जाडी), ती वरच्या फ्लँजला (गर्डरच्या वरच्या आडव्या पट्टीला) स्क्रूने पकडायची, तिच्यावर ४०० मि.मी. अंतराने वासे आणि वर १९ मि.मी. प्लाय.

हार्डवेअरवाल्याने "१२ नंबरचा सेल्फ ड्रिलिंग, ७५ एमएम" म्हणून पुडा दिला (सेल्फ ड्रिलिंग म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणारा स्क्रू). पाच स्क्रू मारून पाहिले. दोन नुसते जागच्या जागी फिरत राहिले, काढून बघितले तर टोक निळं पडून बोथट. एकाचं डोकं तुटलं. उरलेल्या दोघांनी जेमतेम पकड घेतली, पण फळी गर्डरपासून तीन-चार मि.मी. वर उचलली गेली आणि कितीही आवळलं तरी खाली बसेना. मशीन कॉर्डलेस इम्पॅक्ट.

स्क्रू चुकीचा, मशीन चुकीचं की पद्धत? आणि एकूण किती लागतील?

भोक_आणि_आटे

तिन्ही चुकलंय, पण सुरुवात स्क्रूपासून.

"१२ नंबर" हा दांड्याचा गेज. म्हणजे साधारण ५.५ मि.मी. व्यास, बस. तो किती जाड लोखंड कापेल हे टोकाचा नंबर सांगतो आणि तो नंबर दुकानात कुणी विचारत नाही. टोकं १ ते ५ नंबरची येतात. त्याच १२ गेजमध्ये पॉइंट ३ असेल तर सव्वापाच मि.मी.च्या आसपास, पॉइंट ४ साधारण सव्वासहा, पॉइंट ५ साडेबारापर्यंत. कंपनीगणिक थोडा फरक असतो, म्हणून पुड्यावर ड्रिलिंग कपॅसिटी छापलेली असेल तोच आकडा धरायचा. छापलेलीच नसेल तर तो पुडा पत्र्याच्या शेडसाठी ठेवा. दुकानात सर्रास खपतो तो पॉइंट ३ आणि तुमच्याकडेही तोच आलेला दिसतो. तुमचा फ्लँज आहे ७.६ ते ८ मि.मी.

आता टोक निळं का पडलं ते. टोकावर ज्या दोन खाचा असतात त्या कीस बाहेर पडायची वाट. खाचांची लांबी लोखंडाच्या जाडीपेक्षा जास्त हवी. खाच पूर्ण लोखंडात बुडाली की कीस आतच दाटतो, घर्षण वाढतं, टोकाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि मग तो स्क्रू उरलेला दिवसभर फिरवला तरी कापणार नाही.

डोकं तुटण्याचं कारण त्याला लागूनच आहे. टोक पलीकडे निघण्याआधीच आटे लोखंडाला लागले. इंचाला २४ आटे असलेला बारीक आट्यांचा स्क्रू एका फेऱ्यात एक मि.मी.हून जरा जास्त पुढे जायला बघतो, जाड आट्यांचा त्याहूनही जास्त. टोक मात्र एका फेऱ्यात त्याच्या कितीतरी कमी लोखंड खातं. आटे ओढतायत, टोक अडतंय, वरून इम्पॅक्टचे हातोडे बसतायत. मग सगळ्यात अशक्त जागा तुटते आणि ती बहुतेक डोक्याखालीच असते.

फळी उचलली जाण्यामागेही हेच गणित, फक्त आटे लाकडात धरतात. टोक लोखंडावर थबकलेलं असताना आटे लाकडात फिरत राहिले की ते फळीलाच दांड्यावरून वर चढवतात, जॅक लावल्यासारखे. नंतर आटे दोन्हीकडे धरले की फळी आणि गर्डर यांच्यातलं अंतर तिथेच कुलूपबंद. आवळून ते कधीच मिटत नाही. तो स्क्रू काढून टाकून लाकडातलं भोक मोठं करणे हाच इलाज. थोडक्यात, लाकडातलं भोक सैल हवं. पकड फक्त लोखंडात आणि डोक्याखाली.

तर घ्यायचा स्क्रू: ५.५ मि.मी., पॉइंट ५, बारीक आटे, काउंटरसंक (लाकडात सपाट बुडणारं) डोकं. लांबी अशी काढा. लाकूड ५०, लोखंड ८, पॉइंट ५ च्या टोकाची बिनआट्यांची लांबी १५-१६ आणि टोक बाहेर पडल्यावर लोखंडापलीकडे निदान तीन आटे, म्हणजे ३ मि.मी. बेरीज ७७. म्हणजे ८० चा. ७५ चा कमी पडतो. शेवटचे आटे लोखंडात पूर्ण बसतच नाहीत आणि वरवर सगळं ठीक दिसतं.

एक बारीक गोष्ट, पण स्क्रू मोडतात ते इथेच. आयएसएमबीचा फ्लँज सपाट पट्टी नसतो. आतल्या बाजूने त्याला उतार असतो, वेबशी (मधल्या उभ्या पट्टीशी) ९८ अंशांचा. तक्त्यातली जाडी ही वेब आणि कड यांच्या मध्यावरची असते. कडेपासून २० मि.मी. आत स्क्रू मारलात तर ती जाडी मिळेल. तिथून आणखी १० मि.मी. वेबकडे सरकलात तर जवळपास दीड मि.मी. वाढेल आणि त्यापुढे वेबच्या कोपऱ्यातली गोलाई लागते. टोक तिरक्या पृष्ठभागावर बाहेर निघालं की एका बाजूलाच धरतं आणि मोडतं. खडूने दोन्ही कडांपासून २० मि.मी.वर रेघ मारून घ्या आणि त्या रेघेवरच राहा.

मशीनबद्दल. इम्पॅक्ट बाजूला ठेवा. वेग बदलता येणारं साधं ड्रिल किंवा स्क्रूगन, पॉइंट ५ साठी १२०० ते १८०० आरपीएम. बारीक पॉइंट २-३ ला २५०० पर्यंत चालतं, म्हणून लोक सगळीकडे ट्रिगर पूर्ण दाबतात. वेग कमी आणि दाब जास्त, हे सूत्र. वरून अंगाचा भार टाकायचा, स्थिर, डगमग न करता. बरोबर चाललं असेल तर खालून लोखंडाचा कीस सलग पडायला लागतो आणि दहा-पंधरा सेकंदांत टोक पार होतं. वीस सेकंद झाले आणि कीसच नाही, तर थांबा. टोक गेलं. तो स्क्रू फेका आणि नवा त्याच भोकात न मारता निदान १५-२० मि.मी. बाजूला मारा. तापून कडक झालेली जागा नव्या टोकालाही खाऊन टाकते.

रंधा_पटाशी

वरच्या उत्तरात लोखंडाची बाजू आली, लाकडाची राहिली.

लाकूड-ते-लोखंड म्हणून जे खास स्क्रू येतात त्यांना टोकाच्या वर दोन छोटे पंख असतात. पंख लाकडात दांड्यापेक्षा मोठं भोक करत उतरतात, म्हणजे आटे लाकडाला लागत नाहीत. लोखंडावर टेकले की पंख मोडून पडतात आणि पुढे आटे लोखंडात शिरतात. पाइन, रबरवुड, साधा प्लाय असेल तर हे डोळे झाकून वापरा. ५.५ मि.मी.मध्ये जाड लोखंडासाठीचे पंखवाले येतात, ४ ते १२ मि.मी.पर्यंतच्या जाडीला चालतील असे.

पण तुमचं लाकूड साल आहे. कोरड्या सालाचं वजन घनमीटरला आठशे किलोच्या घरात. त्यात ५० मि.मी. उतरताना पंख अर्ध्यातच मोडतात, नाही मोडले तर भोक जाळत जातात. पंख वर मोडले की उरलेल्या लाकडात आटे धरणार आणि फळी परत जॅक होणार. दोष स्क्रूचा वाटतो, असतो लाकडाचा. त्यामुळे सालात पंखांवर पैसे घालवूच नका. फळीला आधी ६.५ मि.मी.चं आरपार भोक पाडा आणि बिनपंखांचा पॉइंट ५ वापरा. बाभूळ, खैर, जुना सागवान, सगळ्यांना हेच लागू.

भोकं गर्डरवर ठेवून पाडू नका. फळी दोन घोड्यांवर (सुताराच्या लाकडी स्टँडवर) ठेवून खाली फुकट लाकडाचा तुकडा लावून पाडा, म्हणजे लाकडाचा बिट लोखंडावर आपटून बोथट होत नाही आणि खालची कड फाटत नाही. वर डोक्यासाठी काउंटरसंक. ५.५ च्या डोक्याचा व्यास ११ मि.मी.च्या आसपास असतो, ते एखादा मि.मी. खाली बसेल इतकं खोल. वासे वर सपाट टेकायचे आहेत. सालात "डोकं आपोआप ओढलं जाईल" हे होत नाही, जोर लावला तर डोकंच तुटेल.

फळी ठेवताना तिच्या खालची बाजू आणि फ्लँज दोन्ही झाडून घ्या. जी-क्लॅम्प लावल्याशिवाय एकही स्क्रू नको. लोखंडाचा कीस फक्त खाली पडत नाही, सुरुवातीचा सगळा वर येतो आणि फळीखाली शिरतो. क्लॅम्प नसेल तर त्या किसानेच फळी मि.मी.भर उचलली जाते. लाकूड ५० आणि फ्लँज ८, म्हणजे १०० मि.मी. तोंडाचा क्लॅम्प पुरतो. प्रत्येक स्क्रूच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर एकेक, आणि एका टोकाकडून दुसऱ्याकडे जा. ४.२ मीटरची सालाची फळी सरळ मिळणं कठीणच. दोन्ही टोकं आधी पकडलीत तर मधला बाक जिरवायला जागा उरत नाही.

आणखी एक. वखारीतून आणलेलं साल ओलं असतं. सुकताना ५० मि.मी.ची जाडी एखाद-दोन मि.मी. सहज आक्रसते आणि डोक्याखाली फट राहते. फळ्या बसवल्यावर लगेच प्लाय ठोकायची घाई नको. निदान काही आठवडे जाऊ द्या, मग हाताने सगळे स्क्रू एकदा तपासा. बरेच अर्धा-एक फेरा घेतील.

आटेवाला_६

पॉइंट ५ चे ८० मि.मी.चे काउंटरसंक गावाकडच्या दुकानात सहज मिळत नाहीत. मिळेपर्यंत काम अडवायचं नसेल तर सरळ रस्ता: फ्लँजमध्ये ५ मि.मी.चं भोक, एम ६ चा टॅप मारून आटे पाडायचे, वरून एम ६ × ६० काउंटरसंक अ‍ॅलन बोल्ट. लाकूड ५० अधिक लोखंड ८ म्हणजे ५८, साठचा बरोबर बसतो. ८ मि.मी. लोखंडात एम ६ ला आट्यांची पकड भरपूर. शिवाय उद्या फळी बदलायची झाली तर काढता-घालता येतं. सेल्फ ड्रिलिंग एकदा काढला की त्याच भोकात पुन्हा तितका घट्ट बसत नाही.

भोक_आणि_आटे

पद्धत पक्की आहे, पण सत्तर-ऐंशी भोकांना हाताने टॅप मारणं म्हणजे दोन दिवस आणि निदान तीन टॅप मोडणार. वीस-पंचवीस भोकं असतील तर मीही हेच सुचवेन. मोडलेला टॅप फ्लँजमधून निघत नाही हेही धरून चला.

त्यापेक्षा खालून जायचा पर्याय बघा. फ्लँजमध्ये ९ मि.मी.चं आरपार भोक, खालून वॉशरसह ८ मि.मी.चा कोच स्क्रू (पान्याने फिरवायचा जाड लाकडी स्क्रू) लाकडात. तिथे उलटं होतं, लोखंडात भोक सैल आणि पकड लाकडात. सालाला हे फार मानवतं, फक्त लाकडात आधी ६ मि.मी.चं भोक पाडून स्क्रूला मेण किंवा साबण लावा, नाहीतर सालात कोच स्क्रूही पिळून तुटतो. वरचा पृष्ठभाग पूर्ण मोकळा राहतो. अडचण एवढीच की माळ्याखाली शिडीवर उभं राहून डोक्यावर ड्रिल धरायचं.

भोकं ड्रिलनेच पाडायची. गॅसने नाही, आणि फॅब्रिकेटर कितीही म्हणाला तरी वेल्डिंगने तर नाहीच.

गच्चीवरचा_डेक

याच धाग्यात विचारतो. रत्नागिरीत गच्चीवर डेक आहे. ५० × ५० × २ मि.मी. बॉक्स पाइपची चौकट, वर २५ मि.मी.च्या ट्रीटेड पाइनच्या फळ्या, त्या हिरवट झाक असलेल्या. इथेही पॉइंट ५ घ्यायचा का? आणि स्टेनलेस घेतला तर गंजाची कटकट संपेल ना?

भोक_आणि_आटे

पॉइंट ५ अजिबात नको. २ मि.मी.च्या भिंतीला पॉइंट ३ आणि जाड आटे, इंचाला १४ वाले. पातळ पत्र्यात बारीक आट्यांचे दोनच फेरे धरतात आणि जरा जास्त आवळलं की भोक धुऊन निघतं. लांबी: २५ अधिक २ अधिक टोक ९-१० अधिक तीन आटे, हे आटे जाड असल्याने त्यांचे साडेपाच धरा. ४२-४३ येतात, ४५ चा घ्या.

पंखवाले वापरणार असाल तर दोन वाया गेलेल्या तुकड्यांवर आधी चाचणी घ्या. पातळ भिंतीवर पंख टेकले तरी मोडतीलच याची खात्री नसते. न मोडता ते पत्र्यातलंही भोक मोठं करतात आणि मग आट्यांना धरायला काही उरतच नाही. वरून बघताना कळत नाही. स्क्रू काढून भोक पाहिलं की कळतं. शंका असेल तर इथेही फळीला आधी भोक पाडून बिनपंखांचा वापरा.

स्टेनलेसचं मात्र नीट समजून घ्या. ३०४ किंवा ३१६ (स्टेनलेसच्या नेहमीच्या प्रती) चा दांडा लोखंड कापायला मऊ पडतो. त्या पोलादाला उष्णतेने कडक करता येत नाही. त्यामुळे "स्टेनलेस सेल्फ ड्रिलिंग" म्हणून स्वस्तात मिळतो तो बहुतेक ४१० प्रतीचा असतो. ते कडक होतं, कापतं, चुंबकाला चिकटतं, आणि समुद्राच्या वाऱ्यावर पहिल्या पावसाळ्यानंतरच डोक्यावर तांबूस ठिपके दाखवतं. खरा पर्याय बायमेटल: ३०४ किंवा ३१६ चा दांडा आणि त्याला जोडलेलं कार्बन पोलादाचं टोक. महाग आहे. टोक पाइपच्या आत राहून गंजलं तरी चालतं, धरून ठेवण्याचं काम दांड्यावरचे आटे करतात.

हिरवट झाक म्हणजे लाकडात तांब्याचे क्षार. ते साध्या जस्ताच्या मुलाम्याला फार लवकर खातात. पिवळा किंवा पांढरा चकचकीत झिंक मुलामा काही मायक्रॉनचाच असतो. लाकूड आणि पाइप यांच्यामध्ये डांबरी टारफेल्टची पट्टी टाका. पाणी साठत नाही आणि क्षारही थेट पाइपला लागत नाहीत. प्रत्येक पाइपच्या खालच्या बाजूला टोकाजवळ एक ६ मि.मी.चं भोकही ठेवा. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत जातंच, आणि बॉक्स पाइप आतून कुजला तर बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो.

रंधा_पटाशी

मुलाम्यावरून आठवलं, माळ्याचं काम करणाऱ्यांसाठीही. कधी कधी स्क्रू नीट बसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टक् असा आवाज होऊन डोकं उडतं, कुणी हात न लावता. वरून कडक केलेल्या पोलादावर विजेने झिंक चढवताना हायड्रोजन आत शिरतो. मुलाम्यानंतर भट्टीत धरून तो काढायचा असतो. ते नीट झालं नसेल तर पोलाद ठिसूळ राहतं आणि ताणाखाली हळूहळू तडकतं. जितकं जास्त आवळाल तितकं लवकर. एका पुड्यातले दोन असे गेले तर पुडाच बदला, बाकीचे "चालतायत" म्हणून ठेवू नका. वाशांवर प्लाय ठोकण्याआधी थांबायला सांगितलं त्याचं हेही एक कारण.

माळ्यावरचा_पसारा

सगळ्यांचे आभार. व्हर्निअर लावला, कडेपासून २० मि.मी.वर फ्लँज ७.८ आहे. तर ५.५ × ८०, पॉइंट ५, काउंटरसंक, बिनपंख. फळीला ६.५ चं भोक. स्क्रू ३०० मि.मी.वर, नागमोडी, एक या कडेला एक त्या कडेला. टोकांपासून ६० मि.मी. सोडून मोजलं तर मधल्या ४०८० मध्ये १४ भाग, म्हणजे १५ स्क्रू, आणि दोन्ही टोकांना जोडी करायला आणखी दोन. गर्डरला १७, चार गर्डरना ६८. शंभरचा पुडा घेतो. बरोबर ना?

भोक_आणि_आटे

मधल्या दोन गर्डरना बरोबर, ३४. कडेच्या दोघांना नाही. ते भिंतीला चिकटून आहेत असं तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. भिंतीकडच्या रेघेवर ड्रिल उभंच राहणार नाही. मशीनच्या अंगाची अर्धी रुंदी ३०-३५ मि.मी. तरी असते आणि तुमची रेघ भिंतीपासून २०-२५ वर आहे. ड्रिल तिरपं धरून मारायचा मोह होईल. तिरपं पॉइंट ५ हमखास मोडतं.

तिथे खोलीकडच्या एकाच रेघेवर मारा, पण अंतर २०० करा. ४०८० मध्ये २१ भाग, म्हणजे २२ स्क्रू, दोन गर्डरचे ४४. एकूण ७८. शंभरच्या पुड्यात २२ उरतात, त्यातले पाच-सहा गर्डरच्या उरलेल्या तुकड्यावर हात बसवायला वापरा. गर्डरवरच शिकायला नको.

काउंटरसंक डोक्याला फिलिप्स खाच असेल तर बिट पीएच ३ चा घ्या, पीएच २ नाही. पाच घ्या. दोन-अडीच डझन स्क्रूंनंतर बिटची कड गोल होते आणि तो खाच खायला लागतो. टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीच्या) खाचेचे मिळाले तर तेच घ्या, दाब देताना घसरत नाहीत.

आधीच्या पाचांपैकी जे दोन लोखंडात अडकलेत ते उलटे काढायच्या फंदात पडू नका. ग्राइंडरने कापा, वर रेड ऑक्साइडचा ठिपका द्या आणि नवं भोक २० मि.मी. सरकवून घ्या.

माळ्यावरचा_पसारा

वरच्या बाजूने फ्लँजला इतकी भोकं पाडली तर गर्डर अशक्त होत नाही ना?

आटेवाला_६

नाही. दोन्ही टोकांना टेकलेल्या गर्डरचा वरचा फ्लँज दाबाखाली असतो आणि भोकात स्क्रू घट्ट बसलेला असतो. एका छेदावर ७५-८० रुंदीत ५.५ चं एकच भोक येतंय, टोकांना दोन, आणि टोकाशी वाकवणारा जोर नसल्यातच जमा. खालच्या फ्लँजला मात्र मध्यभागी भोकं नकोत, तिथे ताण सगळ्यात जास्त. खालून फॉल्स सीलिंग टांगायचा विचार असेल तर फ्लँजला पकडणारे क्लिप मिळतात, ते लावा. आणि हे वरचे स्क्रू फळी जागेवर धरण्यापुरते आहेत. त्यांना खाली काही लटकवायचं नाही.

माळ्यावरचा_पसारा

सीलिंग नाही. पंखे आहेत, दोन.

आटेवाला_६

मग पंख्यांचे हूक गर्डरला वेढा घालणाऱ्या पट्टीच्या क्लॅम्पवर, नट-बोल्टने, दुहेरी नट लावून. फळीत नाही, वाशातही नाही. पंख्याच्या थरथरीने सालातला हूकही फिरून सैल होतो.